घरगुती पदार्थांची पाटी आणि वेष्टन यांसाठी ब्रशच्या वळणाचा देवनागरी फॉन्ट

सागरगोटा

नमस्कार मंडळी.

आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. माझी जाऊ आणि मी घरातच कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ तयार करून विकतो, आणि पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत येणाऱ्या पाहुण्यांना जेवू घालतो. आजवर बाटल्यांवर साधा छापील मजकूर होता. दारावरची पत्र्याची पाटी खाऱ्या वाऱ्याने गंजून गेली आहे. या वर्षी पाटी आणि वेष्टन दोन्ही नव्याने करायचे ठरवले आहे, आणि अक्षर असे हवे आहे की ते कोणीतरी हाताने, ब्रशने, मोकळेपणाने लिहिले आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. घरच्या चवीचा पदार्थ आणि त्यावर सरकारी नोटिशीसारखे अक्षर, हे मला गेली चार वर्षे खटकत आले आहे.

तालुक्याच्या गावी एका फ्लेक्सवाल्यांकडे गेले होते. इंग्रजीचे असे फॉन्ट त्यांनी कितीतरी दाखवले आणि त्यांतले बरेच खरोखर देखणे होते. मराठीचे मात्र चारच निघाले. दोन लग्नपत्रिकेचे होते, एक फारच अणकुचीदार होता, आणि चौथ्यात इंग्रजी अक्षरांच्या शेपट्या देवनागरीला चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. त्या चौथ्यात ‘दर्याकिनारी घरगुती जेवण’ ही ओळ लिहून दाखवली, तेव्हा ती ‘दऱ्याकिनारी’ अशी उमटली, म्हणजे समुद्राकाठचे आमचे जेवण डोंगरातल्या दऱ्यांच्या काठावर गेले.

पाटी आणि वेष्टन दोन्हींना चालेल असा एखादा फॉन्ट आहे का, की पाटी पेंटरकडून लिहून घ्यावी? ज्यांनी असे काम केले आहे किंवा करून घेतले आहे त्यांनी कृपया अनुभव लिहावा.

अळवाचे_पान

पाटी पेंटरकडूनच लिहून घ्या, ताई. फॉन्टबद्दल इथले जाणकार सांगतीलच.

चाकरमानी_लालबाग

सागरगोटा ताई, मी जाहिरातीच्या क्षेत्रात अक्षररचनेचेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इंग्रजीत ब्रशच्या वळणाचे फॉन्ट विपुल असण्याला मोठा इतिहास आहे. ‘ब्रश स्क्रिप्ट’ नावाचा टाइप अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये केला. पुढे फ्रान्समध्ये रॉजर एक्सकोफाँ यांनी १९५३ मध्ये ‘मिस्त्राल’ आणला. त्यात सुट्या खिळ्यांवरची, म्हणजे छपाईच्या धातूच्या ठशांवरची, अक्षरे शेजारी ठेवली की एका हाताने सलग लिहिल्यासारखी जुळतात. धातूच्या टाइपात हे साधणे ही मोठी करामत होती. तेव्हापासून या प्रकारावर सतत काम होत आले आहे, आणि आजच्या चांगल्या फॉन्टमध्ये एकाच शब्दात तेच अक्षर दोनदा आले तर दुसऱ्या वेळी त्याचे थोडे वेगळे रूप आपोआप बसते, कारण माणसाच्या हातून एकच अक्षर दोनदा तंतोतंत सारखे कधीच उमटत नाही.

आता अडचण अशी आहे की रोमन अक्षरे पायाशी उभी राहतात आणि पायाशीच एकमेकांना जोडली जातात. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात आणि तिथेच जोडली जातात. जो कोणी रोमन फॉन्ट समोर ठेवून देवनागरीच्या पायाला शेपट्या लावतो, त्याच्या अक्षराला वरूनही जोड असतो आणि खालूनही, आणि मग शब्दाची जाळी होते. तुम्ही पाहिलेला चौथा फॉन्ट याच जातीचा असावा.

मोफत आणि व्यावसायिक वापराला मोकळ्या फॉन्टांत पाहण्यासारखे काही आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हाताच्या लिखाणाला सर्वांत जवळचा आहे, पण तो ब्रशचा नाही. फेल्ट पेनने किंवा बॉलपेनने भराभर लिहिल्यासारखा तो दिसतो. त्यांचाच ‘तिल्लाना’ मोकळ्या वळणाचा आहे आणि पाच जाडींत मिळतो. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा ‘मोदक’ अतिशय गुबगुबीत आहे आणि ‘बलू’ गोलसर व प्रेमळ आहे, पण त्यांत ब्रश दिसत नाही. ‘यात्रा वन’ची प्रेरणा लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आहे. हे सगळे उतरवून घ्या आणि आपल्या पदार्थांची नावे त्यांत लिहून पाहा. फॉन्टच्या जाहिरातीतला नमुना पाहून कधीही निवड करू नका.

बोरू

चाकरमानी यांनी शिरोरेषेबद्दल लिहिले ते अगदी योग्य आहे. मी सावंतवाडीला सुलेखन शिकवतो, त्यामुळे हत्याराबद्दल दोन शब्द जोडतो.

देवनागरीचे जाड-बारीकपण बोरूच्या कापातून आले आहे, आणि आपल्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या कापाच्या उलट दिशेने तिरका असतो. त्यामुळे रोमन अक्षरात जिथे रेघ जाड होते त्याच जागी आपल्याकडे ती बारीक होऊ शकते. चपट्या ब्रशलाही हाच नियम लागू आहे. गोल ब्रशचे तसे नसते, तिथे जाडी दाबावर ठरते: ब्रश टेकला की रेघ फुगते आणि उचलला की निमुळती होते. तुम्हाला जो मोकळेपणा हवा आहे तो बहुधा गोल ब्रशचा आहे. फॉन्ट पाहताना ‘क’च्या पोटाकडे आणि ‘अ’च्या खालच्या वळणाकडे पाहावे. तिथे रेघ फुगून पुन्हा बारीक झाली असेल तर ती कोणीतरी खरोखर ब्रशने लिहिलेली आहे. सगळीकडे सारखीच जाडी आणि टोकाला नुसते ओरखडे असतील, तर ते साधे अक्षर आहे आणि त्यावर ब्रशचा मुलामा चढवला आहे.

आणखी एक विनंती. संगणकात तिरके करण्याचे जे बटण असते ते देवनागरीला वापरू नये. हात तिरका लिहितो तेव्हा काना, मात्रा आणि वेलांटी आपापला तोल सांभाळून तिरक्या होतात. यंत्र सगळेच एका कोनात ढकलते, आणि मग वेलांटी पुढच्या अक्षरावर कलंडते.

कणकवली_छपाई

मी छपाईच्या दुकानात बारा वर्षे संगणकावर बसतो, म्हणून ‘दऱ्याकिनारी’ का झाले असेल ते सांगू शकतो.

अनेक दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कळीने उचलावा लागतो. डोक्यावरचा रफार एका कळीवर आणि ‘ऱ्या’मधला आडवा चंद्रकोरीसारखा र दुसऱ्या कळीवर असतो. घाईत बोट चुकले की दर्याची दरी होते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत: साधा र, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि य मिळून ‘र्य’ होतो, आणि नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ, हलन्त आणि य मिळून ‘ऱ्य’ होतो. म्हणून मजकूर घरूनच युनिकोडमध्ये टंकून द्यावा आणि शक्यतो सोबत त्याचे चित्रही पाठवावे, म्हणजे दुकानातल्या माणसाला मूळ रूप डोळ्यांसमोर राहते. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये काम करणार असाल तर परिच्छेदाच्या मांडणीसाठी भारतीय लिप्यांना चालणारा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला नाही तर जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते.

पाटीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. सुकत आलेल्या ब्रशचे ओरखडे दाखवणारा फॉन्ट कागदावर छान दिसतो, पण पाटीसाठी व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचा प्लास्टिक कागद, कापून घेणार असाल तर तो घेऊ नका. यंत्र प्रत्येक ओरखड्याभोवती फिरते, शेकडो बारीक तुकडे पडतात आणि नको असलेला भाग सोलताना हवे ते तुकडेही निघून येतात. जे शिल्लक राहतात त्यांच्या कडा आपल्या दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात उचलतात. व्हिनाइलसाठी भरीव, स्वच्छ कडांचे अक्षर घ्यावे.

परवान्याकडेही लक्ष असू द्या. संकेतस्थळांवर फुकट मिळणारे कितीतरी फॉन्ट केवळ वैयक्तिक वापरासाठी असतात, आणि विक्रीच्या वेष्टनावर ते चालत नाहीत. ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ असलेले, म्हणजे वर सुचवलेले बहुतेक, निर्धास्तपणे वापरता येतात.

तिरफळ

मला रचनेतले काही कळत नाही. मी केवळ वाचणारा माणूस आहे आणि वय सत्तरीच्या पुढे आहे. पण एक अनुभव इथे सांगण्याजोगा आहे.

गेल्या वर्षी आम्ही नातेवाइकांकडे मालवणला जात असताना रस्त्यात एका उपाहारगृहाबाहेर ब्रशच्या अक्षरांत मोठी पाटी पाहिली. तिच्यावर शिरोरेषा दिलीच नव्हती. मी वाचले, ‘धावणे आणि रवाजे मिळतील.’ नातीने दोनदा समजावले तेव्हा उलगडले की ते ‘घावणे’ आणि ‘खाजे’ होते. घ आणि ध यांत, तसेच भ आणि म यांत, फरक काय तो शिरोरेषेचाच. घ आणि म यांच्यावरची रेघ सलग असते, ध आणि भ यांच्यावरची तुटलेली असते. रेघच काढून टाकली तर वाचणाऱ्याने केवळ अंदाज करायचा. आणि ‘ख’चे दोन भाग खाली जोडले नाहीत तर तो ‘रव’च होतो. पत्रात आपण शिरोरेषा न देता लिहितो, कारण वाचणारा आपले अक्षर ओळखतो. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस पाटी ओळखत नाही, त्याला ती वाचावी लागते.

मोकळेपणा हवा हे मान्य आहे, पण माझ्यासारख्यांना घावणे खायला थांबता यावे इतकी काळजी घ्यावी.

बोरू

तिरफळ काका, तुम्ही रचनेतले कळत नाही म्हणता, पण वर्गात मी पहिल्या दिवशी नेमके हेच शिकवतो. शिरोरेषा तुटक असावी, थोडी लहरती असावी, एखाद्या अक्षरावर चढावी, एखाद्यावर उतरावी. पण ‘घ’वर ती असलीच पाहिजे.

मिरकरवाडा

माझे वडील रत्नागिरीला पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, दशावताराचे पडदे आणि मुख्यतः होड्यांची नावे, असे त्यांचे काम होते. ते आता थकले आहेत, पण लहानपणी मी त्यांचा डबा धरून उभा असे, त्यामुळे हात कसा चालतो ते जवळून पाहिले आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, आणि जुलै संपत आला की उघडीप बघून रंगकाम सुरू होते. नाव लिहायचे ते नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, आणि तिथली फळी दोन्ही अंगांनी वळलेली असते. वडील आधी खडूची पूड लावलेला दोरा ताणून दोन रेघा उठवत. मग खडूने अक्षरांच्या नुसत्या जागा धरत, अक्षरे लिहीत नसत. त्यानंतर ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइनचे दोन-चार थेंब टाकून तो इतका सैल करत की रेघ अर्ध्यात तुटू नये आणि ओघळूही नये. ब्रश लांब केसांचा असे, कारण आखूड केसांत रंग पुरत नाही आणि काना एका ओढीत होत नाही. डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर उजव्या हाताचे मनगट टेकवत. आधी सगळ्या अक्षरांची शरीरे होत, मग काने, मग मात्रा, आणि सर्वांत शेवटी शिरोरेषा. ती ओढताना ते श्वास धरत. फळी जिथे वळते तिथे ती रेघही तिच्याबरोबर वळे, आणि म्हणूनच नाव होडीवर चिकटवलेले न वाटता होडीतूनच उगवलेले वाटे.

आता बहुतेक नावे स्टिकरची असतात. संगणकातली सरळ रेघ वळलेल्या फळीवर लावली की शब्दाची शेवटची दोन अक्षरे खाली घसरल्यासारखी दिसतात.

ताई, तुमच्या भागात अजून कोणी पेंटर असतील तर त्यांना बोलवा. पण बोलावून हातात फॉन्टचा कागद देऊन ‘असेच लिहा’ असे म्हणू नका. त्यांना तुमची ओळ सांगा, जागा दाखवा आणि त्यांच्या हाताने लिहू द्या.

मोडीवाचक

या चर्चेत मोडी लिपीचा उल्लेख व्हायला हवा. मराठीला धावते अक्षर नव्हते असे नाही. बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर पोथीसाठी आणि मोडी रोजच्या व्यवहारासाठी, अशी आपल्याकडे वाटणीच होती, आणि १९५० च्या सुमारापर्यंत मोडी कागदपत्रांत चालू होती. तिच्यात आधी संपूर्ण ओळभर रेघ आखून घेत आणि मग हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे तिच्याखाली सोडत. मिरकरवाडा यांचे वडील शिरोरेषा शेवटी देत. मोडी लिहिणारा ती आधीच देऊन मोकळा होई. म्हणजे सलग, ओघवते लिहिताना रेघ आणि अक्षर यांचे नाते कसे ठेवावे याचे उत्तर आपल्या दप्तरांत शतकानुशतके लिहिलेले आहे. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून सुलेखनात तिची वळणे आणली, ती पाहिली तर मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

देवनागरीच्या ब्रश फॉन्टने रोमनकडून जोड उसने घेण्याऐवजी मोडीकडून गोलाई आणि वेग घ्यावा असे माझे ठाम मत आहे. अक्षरे मोडीची घेऊ नयेत, कारण ती आज फार थोड्यांना वाचता येतात. पण एका अक्षरातून दुसऱ्यात जाण्याची मोडीची रीत घेता येईल.

कलमी_आंबा

आमची देवगडला बाग आहे आणि पेट्या थेट मुंबई-पुण्याला जातात. वरच्या सर्वांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. ग्राहक मराठी ब्रशचे वळण पाहून माल घेत नाही. त्याला पेटीवर ‘देवगड हापूस’ स्वच्छ दिसले पाहिजे, आणि दुकानात मांडलेल्या वीस पेट्यांत आपली पेटी लांबून ओळखू आली पाहिजे. आम्ही इंग्रजी नाव सुंदर ब्रश फॉन्टमध्ये मोठे घेतले आहे आणि मराठी मजकूर साध्या अक्षरात खाली दिला आहे. चार हंगाम झाले, कोणाची तक्रार नाही. ताईंनी देवनागरी ब्रश फॉन्टच्या शोधात वेळ घालवण्यापेक्षा साधे जाड अक्षर घ्यावे आणि चित्रावर मेहनत घ्यावी, असे मला वाटते.

चाकरमानी_लालबाग

कलमी_आंबा, पेटी लांबून ओळखू आली पाहिजे हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. इंग्रजी नाव हसरे आणि मराठी नाव गंभीर असे शेजारी ठेवले की मराठी मजकूर भाषांतरासारखा दिसू लागतो, आणि आंबा तर आपल्या मातीतला आहे. शिवाय दुकानाच्या पाटीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ आवडीचा राहिलेला नाही. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात पाटीवर मराठी नाव देवनागरीत द्यावे लागते आणि त्याचा आकार इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान असून चालत नाही. मराठी अक्षर मोठे द्यायचेच आहे, तर ते चांगले का देऊ नये?

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी आयुष्यभर अक्षरे रेखाटली. २०२० मध्ये ते गेले. ज्यांनी वृत्तपत्रांच्या पानांवर ती शीर्षके पाहिली आहेत त्यांना आठवत असेल की नाटक विनोदी आहे की गंभीर हे वाचण्याआधीच कळत असे. मराठी वाचकाला अक्षराच्या वळणाचा अर्थ कळतो. तो लक्ष देत नाही असे मला एकदाही आढळलेले नाही.

मात्र तुमच्या म्हणण्यातला एक भाग ताईंनी जरूर घ्यावा. ब्रशचे अक्षर केवळ नावासाठी असावे. घटक पदार्थ, वजन, तारीख, १४ अंकी अन्न परवाना क्रमांक हा सगळा मजकूर ‘मुक्ता’सारख्या सरळ वाचनीय फॉन्टमध्येच द्यावा. एका वेष्टनावर दोन वेगळी ब्रशची अक्षरे घेतली तर ती एकमेकांशी भांडतात.

कलमी_आंबा

आकाराचा नियम मला ठाऊक होता, पण भाषांतरासारखे दिसते हे कधी मनात आले नव्हते. पेटी समोर ठेवून पाहिली. तसे दिसते खरे. पुढच्या हंगामाच्या पेटीचा विचार करताना हा धागा पुन्हा उघडेन.

अळवाचे_पान

सागरगोटा ताई, तुमचे काय ठरले?

सागरगोटा

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व. सर्वांचे वाचून आम्ही दोघींनी एक प्रयोग केला. आमच्या पदार्थांची आणि जेवणातल्या वाढपाची अशी बारा नावे काढली, त्यांत मुद्दाम अवघड अक्षरे घेतली: दर्याकिनारी, घावणे, खाजे, आंबापोळी, कुळथाचे पीठ, सोलकढी, तिरफळ, भाकरी, शिरवाळे, फणसपोळी, आगळ, मोदक. ही नावे सुचवलेल्या प्रत्येक फॉन्टमध्ये लिहून मोठ्या कागदांवर छापून घेतली आणि अंगणात आंब्याच्या खोडाला लावली. मग रस्त्यावरून, साधारण साठ पावलांवरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचायला सांगितले. सासूबाईंनाही उभे केले. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे.

‘कलम’ सर्वांना वाचता आला, पण त्या अंतरावरून त्याच्या रेघा बारीक पडल्या. बाटलीवर, हातात धरल्यावर, तो फार गोड दिसतो. ‘मोदक’मध्ये ‘मोदक’ हा शब्द पाहून सासूबाईंना फार आनंद झाला, पण ‘कुळथाचे पीठ’ त्यांना लागले नाही, कारण अक्षरांच्या आतली जागा भरून गेली होती. इतरांत मला एकच उणीव पुन्हा पुन्हा जाणवली, ती म्हणजे ‘ळ’. आमच्या बारा शब्दांपैकी सहांत ‘ळ’ आहे. काही फॉन्टांत तो बाकीच्या अक्षरांसारखा मोकळा न होता दोन गोळे शेजारी ठेवल्यासारखा झाला आहे.

पाटीचे अंतर आणि अक्षराची उंची यांचा काही हिशेब असतो का?

चाकरमानी_लालबाग

ठोकळ हिशेब असा: दर १० फुटांना १ इंच. उदाहरणार्थ, ६० फुटांवरून आरामात वाचायचे असेल तर अक्षर ६ इंच उंच हवे. हा हिशेब रोमन अक्षरांवरून आला आहे, म्हणून आपण तो शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजावा आणि वेलांटी, मात्रा, उकार यांची जागा वेगळी धरावी. एका ओळीच्या पाटीची उंची त्यामुळे अक्षराच्या किमान दुप्पट होते. लोक इथेच काटकसर करतात आणि मग उकार चौकटीला टेकतो.

तुमचा अंगणातला प्रयोग मला फार आवडला. आमच्याकडे अशी परीक्षा क्वचितच होते.

बोरू

‘ळ’चे निरीक्षण अचूक आहे. देवनागरी फॉन्ट बहुधा हिंदी मजकूर समोर ठेवून तपासले जातात आणि हिंदीत ‘ळ’ जवळजवळ येतच नाही. त्यामुळे तो शेवटी, हात थकल्यावर, काढल्यासारखा राहतो. ‘ल’ आणि ‘श’ यांचीही तीच कथा आहे. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा, मराठी वर्णमालेबद्दलच्या २०२२ च्या शासन निर्णयातही तसेच सांगितले आहे. पण पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळणाची रूपे आधी येतात. काही फॉन्टांत मराठी रूपे आत दिलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की ती उमटतात, तेव्हा ते एकदा करून पाहावे.

ब्रशने ‘ळ’ लिहिताना पहिले वेटोळे लहान आणि दुसरे मोठे ठेवावे, आणि दोन्हींच्या मध्ये ब्रश उचलू नये. मग तो गोळ्यांसारखा न दिसता वळसा घेतल्यासारखा दिसतो.

मिरकरवाडा

वडिलांना ही चर्चा वाचून दाखवली. त्यांचे म्हणणे असे की ‘ळ’ चांगला आला की पेंटरला पाटीचे पैसे मागायला संकोच वाटत नाही.

सागरगोटा

शेवटचे कळवते आणि सर्वांचे मनापासून आभार मानते.

शेजारच्या गावात एक पेंटर मिळाले. गेली काही वर्षे ते घरांनाच रंग देत होते, कारण पाट्यांचे काम येत नव्हते. मिरकरवाडा यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या हातात फॉन्ट दिला नाही, ओळ दिली. त्यांनी सागवानी फळीवर आधी पांढरा हात मारला आणि दोन दिवस वाळू दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना कोकमाच्या रंगाने ‘दर्याकिनारी घरगुती जेवण’ लिहिले. ‘र्या’वरचा रफार देताना त्यांनी ब्रश टेकवून एका झटक्यात उचलला, त्याचे टोक केसाइतके बारीक आले आहे. ‘घ’वर शिरोरेषा आहे, तिरफळ काका.

त्यानंतर त्यांच्याकडून कागदावर काळ्या शाईने आमच्या सहा पदार्थांची नावे लिहून घेतली, आणि त्या अक्षरांचा उपयोग वेष्टनावर करायचा हे त्यांना सांगून त्याचे वेगळे पैसे दिले. कणकवली_छपाई यांच्या सूचनेनुसार ती नावे स्कॅन करून कडा स्वच्छ करून घेतल्या. बाकी मजकूर ‘मुक्ता’मध्ये आहे, आणि मागच्या बाजूला आगळीचे सरबत कसे करावे हे चार ओळींत ‘कलम’मध्ये लिहिले आहे.

त्यांनी ‘आंबापोळी’ आणि ‘फणसपोळी’ ही दोन नावे एकाच कागदावर, एकापाठोपाठ लिहिली. दोन्हींतला ‘पोळी’ एकसारखाच असेल असे धरून छपाईच्या मुलाने एकच ‘पोळी’ दोन्हीकडे वापरला होता. मी तो मूळ कागद त्याच्यापुढे ठेवला. फणसपोळीतला ‘ळ’ किंचित अधिक मोकळा आहे, दुसरे वेटोळे थोडे खाली उतरले आहे. त्याने ते पाहिले आणि काही न बोलता पुन्हा दोन वेगळे ‘पोळी’ बसवले.